येतो

मानवतला जिनिंगच्या मागं, जिथं सरकीचा ढीग असायचा,
तिथं मला मेलेलं पडायचं होतं.
तीनशे रुपये रोज. जेवण वेगळं.

साठ वर्षांत मी एकच शब्द नीट वापरला : बघू.
पोस्टात बढती आली, हिंगोलीला जा म्हणाले. बघू.
मेव्हणा म्हणाला, भोसरीत गाळा घेऊ, अर्धा तुझा. बघू.
प्रयाग म्हणाली, एकदा समुद्र दाखवा.
त्यालाही बघूच म्हणालो,
आणि समुद्र तर
बघायचीच गोष्ट होती.

सिनेमावाली पोरगी पंचविशीतली, टोपी उलटी.
म्हणाली, काका, विनोदी पिच्चर आहे.
आयुष्यभर घरात बसलेला एक माणूस मरतो
आणि तिरडीवर त्याला नोकरीचा फोन येतो.
तुमचा चेहरा अगदी...
इथं ती थांबली. मी म्हणालो, समजलं.

बघू ओठापर्यंत आलंच होतं,
पण तोंडात सुशीला होती, गरम, कढीपत्त्यासकट.
(सुशीला खाऊन घ्या म्हटल्यावर
पुण्याचा कॅमेरावाला सकाळीच दचकला होता.)
मी घास गिळेपर्यंत तिनं वहीत लिहूनसुद्धा टाकलं :
मुंजाजी लांडगे. प्रेत.

घरी प्रयाग पेटली.
मपलं कुंकू तीनशेला इकलं व्हय?
रात्रभर भिंतीकडं तोंड.
सकाळी धोतर मात्र तिनंच निळीतून काढून दिलं.
म्हणाली, मेलं तरी मळकं नको.

पहिल्यांदा मी शिंकलो. कापसाची धूळ.
दुसऱ्यांदा शेळीनं माझा हार खाल्ला.
तिसऱ्यांदा अफसर न्हाव्याला हसू फुटलं
आणि मी डाव्या अंगानं घसरलो.
चौथ्यांदा सूर्य ढगात गेला.
पोरगी ओरडली, तसेच धरून ठेवा.

चौघांना वाटलं, मला झोप लागली.
खालून हमाल म्हणाला, बरा माणूस.
कुणाचं वाईट केलं न्हाई.
अफसर म्हणाला,
केलंच काय?

ह्यावर कुणी हसलं नाही.
हा विनोद कागदावर नव्हता.

मी अर्धा डोळा उघडला.
खांद्याएवढ्या उंचीवरनं गाव कधी बघितलं नव्हतं.
पत्र्यांवर वाळत घातलेल्या मिरच्या. पाण्याची टाकी.
कोपऱ्यावर परभणीची एसटी वळत होती
आणि मागनं कुणीतरी
एक चप्पल हातात घेऊन पळत होतं.
गाडी थांबली की नाही, ते दिसलं नाही.
ऊन आलं होतं.

धोतराच्या कनवटीत फोन वाजला.
लिहून दिलेलं वाक्य होतं : पगार किती?
मी ताडकन उठून बसलो, चौघं हेलपाटले,
वाक्य गेलं सरकीत.
तोंडातनं निघालं, येतो!
उंबऱ्यातनं निघताना
जातो म्हणू नये म्हणून माणसं म्हणतात, तेच.

आधी सगळं गप.
मग वॉचमन हसला, मग सगळं जिनिंग.
पोरगी म्हणाली, काका, हेच ठेवते.
अफसर माझ्याकडं बघत नव्हता.
उतरताना त्यानं हात दिला,
आणि मी तो जरा जास्तच वेळ धरला.

परभणीत पिच्चर चार दिवस टिकला.
प्रयागनं दोनदा बघितला.
दुसऱ्यांदा मी तिरडीवरनं उठायच्या आधी
तीच खुर्चीतनं उठून उभी राहिली.
मागचे ओरडले, बसा की मावशी.

काल पुन्हा फोन.
दापोलीकडं नवा पिच्चर, चहावाल्याचं काम,
ह्या वेळी जिवंत, चार वाक्यं.
मी म्हणालो, बघ...
तेवढ्यात माळ्यावरनं काहीतरी धाडकन पडलं.
ट्रंक होती. प्रयाग शिडीवर.

आता ती धपाटे बांधायलीय.
विचारती,
समुद्र खारट असतो म्हणतात,
चटणीत मीठ कमी घालू का?